फॉस्फरसला पाच जमतात, नायट्रोजनला का नाही? इंटरव्ह्यूतल्या प्रश्नापासून फवारणीच्या पंपापर्यंत



पेट किंवा सेट पास झालेले विद्यार्थी मला सगळ्यात जास्त एकच गोष्ट विचारतात, "दादा, पीएचडीच्या इंटरव्ह्यूत काय विचारतात?" आज सल्ले देत बसत नाही. मला विचारलेला एक प्रश्न सांगतो, मी दिलेलं उत्तर सांगतो आणि ते उत्तर कुठं अडकलं तेही सांगतो.

प्रश्न अगदी बारावीचा होता. "फॉस्फरस पेंटाक्लोराइड असतं. मग नायट्रोजन पेंटाक्लोराइड का नसतं?" दोघं एकाच गटातले, म्हणजे गट १५. दोघांच्याही बाहेरच्या कक्षेत पाच इलेक्ट्रॉन. मी मनात म्हटलं, लॉटरी लागली. घडाघडा बोललो, "सर, फॉस्फरसकडं रिकामे थ्री-डी ऑर्बिटल असतात. एक इलेक्ट्रॉन तिथं जातो, एसपी-थ्री-डी हायब्रिडायझेशन होतं आणि पाच बाँड तयार होतात. नायट्रोजनच्या दुसऱ्या कक्षेत डी ऑर्बिटलच नाहीत."

सर शांतपणे म्हणाले, "बरं. मग फॉस्फरसला पाच हायड्रोजन लावलेलं संयुग बाटलीत का मिळत नाही? डी ऑर्बिटल तर तेच आहेत." मी गप्प. शेजारच्या मॅडमनी विचारलं, "आणि डी ऑर्बिटल वापरले जातात हे तुम्हाला कशावरून कळलं?" मी म्हणालो, "पुस्तकात आहे." त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. कागदावर काहीतरी लिहिलं फक्त.

अ‍ॅडमिशन मिळालं, पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. त्याच दिवाळीत मी गावी होतो. आमचं गाव वाशीम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात. सोयाबीन निघालं होतं, तूर फुलावर होती आणि बाबांची फवारणी सुरू होती. पाठीवरचा पंप खाली ठेवत ते म्हणाले, "काय रे, तू एवढं केमिस्ट्री केमिस्ट्री करतं, ह्या औषधात असते तरी काय, सांग बरं." डब्यावरचं नाव वाचलं. ऑरगॅनोफॉस्फरस गटातलं होतं. तेव्हा मला धड सांगता आलं नाही.

पुढं वाचत गेलो तसं लक्षात आलं की या दोन प्रश्नांची मुळं एकाच जागी आहेत. ती जागा म्हणजे फॉस्फरसच्या भोवतालची जागा, तीच भूमितीतली जागा. आजचा लेख तिच्यावर.

आधी तीनचं गणित

पाचवर उडी मारण्याआधी तीनवर थांबू. नायट्रोजन आणि फॉस्फरस दोघंही तीन हॅलोजन अणू सहज धरतात. तीन बाँड आणि एक लोन पेअर, म्हणून आकार पिरॅमिडसारखा. व्हेस्पर थिअरीनं हे सगळ्यांना पाठ असतं. पण नुसता आकार सांगून थांबू नका, आकडे बघा. खरी गोष्ट आकड्यांत असते.

नायट्रोजन ट्रायफ्लोराइडचा बाँड अँगल सुमारे १०२.२ अंश, नायट्रोजन ट्रायक्लोराइडचा सुमारे १०७ अंश. फॉस्फरस ट्रायफ्लोराइडचा ९७.८ अंश, फॉस्फरस ट्रायक्लोराइडचा १००.३ अंश.

यात दोन कल दिसतात. पहिला, फ्लोरिनवाल्या रेणूचा कोन क्लोरिनवाल्यापेक्षा लहान. फ्लोरिन बाँडमधले इलेक्ट्रॉन स्वतःकडं खेचतो. मधल्या अणूजवळ बाँडच्या जोड्यांची गर्दी कमी होते, लोन पेअर आणखी पसरतो आणि कोन मिटतो. शिवाय क्लोरिनचे अणू मोठे, त्यांना एकमेकांपासून लांब राहायला लागतं. दुसरा कल, हॅलोजन तोच ठेवला तर फॉस्फरसचा कोन नायट्रोजनपेक्षा लहान. फॉस्फरस मोठा आहे. त्याचे बाँड लांब असतात, त्यामुळे कोन लहान झाला तरी टोकाचे अणू एकमेकांना भिडत नाहीत.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. पुढचा सगळा लेख त्याच्यावर उभा आहे.

जाता जाता एक आवडता प्रश्न. अमोनियाचा डायपोल मोमेंट सुमारे १.४७ डिबाय, आणि नायट्रोजन ट्रायफ्लोराइडचा फक्त ०.२३. फ्लोरिन एवढा इलेक्ट्रॉन ओढणारा असून असं का? अमोनियात बाँडचे डायपोल आणि लोन पेअरचा डायपोल एकाच दिशेनं असतात, त्यांची बेरीज होते. ट्रायफ्लोराइडमध्ये फ्लोरिन इलेक्ट्रॉन खाली ओढतो आणि लोन पेअर वर असतो, म्हणून वजाबाकी होते. इथंही उत्तर भूमितीतच सापडतं.

नायट्रोजनची भिंत कुठं आहे?

नायट्रोजन ट्रायक्लोराइड हा भलताच भडकू पदार्थ. फ्रेंच शास्त्रज्ञ द्यूलाँ यांनी तो १८११ मध्ये पहिल्यांदा तयार केला आणि त्याच्या स्फोटात बोटं आणि एका डोळ्याची दृष्टी गमावली. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये हम्फ्री डेव्हींच्या डोळ्याला त्याच पदार्थानं इजा झाली. लिहून घ्यायला माणूस हवा म्हणून त्यांनी एका पोराला बोलावलं. त्याचं नाव मायकेल फॅरडे. याउलट नायट्रोजन ट्रायफ्लोराइड इतका शांत की चिप बनवणाऱ्या कारखान्यांत तो सिलिंडरमधून वापरला जातो. फरक बाँडच्या ताकदीचा. नायट्रोजन आणि फ्लोरिनचा बाँड बऱ्यापैकी मजबूत, नायट्रोजन आणि क्लोरिनचा कमकुवत. त्यात दोन नायट्रोजन एकत्र आले की तिहेरी बाँडची प्रचंड ऊर्जा बाहेर पडते.

आता तीनवरून चारवर. पुष्कळांना वाटतं की नायट्रोजन तीनपेक्षा जास्त फ्लोरिन धरूच शकत नाही. तसं नाही. १९६६ मध्ये टेट्राफ्लोरोअमोनियम आयनाचे क्षार तयार झाले. अमोनियम आयनासारखाच हा कॅटायन, फक्त चारही हायड्रोजनच्या जागी फ्लोरिन. आकार टेट्राहेड्रल, लोन पेअर नाही.

म्हणजे नायट्रोजनची भिंत तीनवर नाही, चारच्या पुढं आहे. चारपर्यंत लुईसचा अष्टक नियम आरामात पाळला जातो. पाचव्याला काय नडतं?

डी ऑर्बिटलच्या उत्तराला पडलेली तीन भोकं

माझं पाठ केलेलं उत्तर असं होतं, डी ऑर्बिटल आहेत म्हणून पाच बाँड. हे उत्तर अजूनही कित्येक पुस्तकांत आहे आणि बारावीच्या पेपरात त्याला मार्कही मिळतात. संशोधनाच्या खोलीत मात्र ते टिकत नाही. तीन कारणं बघा.

पहिलं, सरांनी विचारलेलं. डी ऑर्बिटल असणं एवढंच पुरेसं असतं, तर फॉस्फरसला पाच हायड्रोजनही टिकाऊपणे लागले असते. तसं होत नाही. पाच फ्लोरिन लागतात, पाच क्लोरिन लागतात. म्हणजे टोकाला कोण बसलंय यावर खूप काही अवलंबून आहे.

दुसरं, ऊर्जेचं. फॉस्फरसचे थ्री-डी ऑर्बिटल ऊर्जेनं खूप वर असतात आणि आकारानं पसरट. इलेक्ट्रॉन तिथं चढवायचा खर्च एवढा मोठा की एका जास्तीच्या बाँडमधून तो सहज वसूल होत नाही.

तिसरं, कॉम्प्युटरवरच्या गणितांचं. क्वांटम केमिस्ट्रीत फॉस्फरस पेंटाफ्लोराइडचं गणित मांडताना डी फंक्शन घालावे लागतात, नाहीतर बाँडची लांबी नीट येत नाही. सुरुवातीला लोकांना वाटलं, हाच तर पुरावा! पण तसे फंक्शन अमोनियासाठीही घालावे लागतात, आणि तिथं कुणी म्हणत नाही की नायट्रोजन डी ऑर्बिटल वापरतो. ते इलेक्ट्रॉनच्या ढगाला थोडं वाकवायला, म्हणजे पोलरायझेशनसाठी लागतात. १९८४ मध्ये कुत्झेलनिग यांनी आणि १९९० मध्ये मॅग्नुसन यांनी हा फरक स्पष्टपणे मांडला. डी फंक्शन गणितात असणं वेगळं आणि डी ऑर्बिटलनं बाँड बांधणं वेगळं.

मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. "कशावरून कळलं?" याला मी म्हणालो "पुस्तकात आहे". खरं उत्तर असं की तपासून पाहिलं तेव्हा तसं दिसलं नाही.

मग पाच बाँड कसे होतात?

आधी मोजमाप. वायुरूपात फॉस्फरस पेंटाक्लोराइडचा आकार ट्रायगोनल बायपिरॅमिड असतो. तीन क्लोरिन मधल्या पट्ट्यात, त्यांना इक्वेटोरियल म्हणतात, आणि दोन वर-खाली, त्यांना अ‍ॅक्शियल म्हणतात. इक्वेटोरियल बाँड सुमारे २.०२ अँगस्ट्रॉम, अ‍ॅक्शियल सुमारे २.१४. पेंटाफ्लोराइडमध्ये तेच आकडे १.५३ आणि १.५८. दोन्हीकडं वर-खालचे बाँड लांब आहेत.

पाचही बाँड साधे, दोन इलेक्ट्रॉनचे आणि एकसारखे धरले तर हा फरक समजावताना ओढाताण होते. १९५० च्या आसपास पिमेंटेल आणि रंडल यांनी मांडलेलं चित्र सोपं आहे. वरचा क्लोरिन, मधला फॉस्फरस आणि खालचा क्लोरिन असे तीन अणू एका रेषेत. या तिघांत मिळून चार इलेक्ट्रॉन. त्यातली एक जोडी तिघांवर पसरते आणि बांधायचं काम करते. दुसरी जोडी जवळजवळ पूर्णपणे दोन टोकांवर बसते, बांधण्यात तिचा वाटा नाही. याला थ्री-सेंटर फोर-इलेक्ट्रॉन बाँड म्हणतात. म्हणजे वर-खालचे दोन बाँड मिळून बांधणारी जोडी एकच. साहजिकच ते थोडे ढिले आणि लांब.

या चित्रात डी ऑर्बिटल कुठंही लागला नाही. फॉस्फरसच्या वाट्याला आठपेक्षा जास्त इलेक्ट्रॉनही आले नाहीत, कारण दुसरी जोडी टोकांवर राहिली. आणि सरांच्या प्रश्नाचंही उत्तर मिळालं. ती जोडी टोकावर सांभाळायला इलेक्ट्रॉन ओढणारा अणू लागतो. फ्लोरिनची विद्युतऋणता ३.९८, क्लोरिनची ३.१६, फॉस्फरसची २.१९. हायड्रोजनची २.२०, म्हणजे फॉस्फरसएवढीच. तो ती जोडी सांभाळणार कशी?

आता नायट्रोजनकडं बघा. त्याची विद्युतऋणता ३.०४, क्लोरिनच्या अगदी जवळ. म्हणजे क्लोरिनच्या बाबतीत इथंही तीच अडचण. पण फ्लोरिन तर नायट्रोजनपेक्षा कितीतरी जास्त ओढतो. मग नायट्रोजन पेंटाफ्लोराइड का नाही? आता शेवटचा मुद्दा, जागेचा.

वही-पेन घ्या, हे गणित स्वतः करा

नायट्रोजन ट्रायफ्लोराइडमध्ये बाँडची लांबी सुमारे १.३७ अँगस्ट्रॉम आणि कोन १०२.२ अंश. दोन फ्लोरिनमधलं अंतर किती? लांबी गुणिले दोन, गुणिले अर्ध्या कोनाचा साइन. उत्तर येतं सुमारे २.१३. आता चार फ्लोरिनवाला कॅटायन घ्या. तिथं बाँड आखडून सुमारे १.३० होतो आणि कोन टेट्राहेड्रल, १०९.५. गणित करा. उत्तर सुमारे २.१२!

बाँडची लांबी बदलली, कोन बदलला, पण फ्लोरिन ते फ्लोरिन अंतर जवळपास तेच राहिलं. याचा अर्थ सरळ आहे. नायट्रोजनभोवती फ्लोरिन आधीच एकमेकांना टेकलेले आहेत, एसटीच्या बाकावर तिघं बसल्यासारखे. गिलेस्पी हे व्हेस्पर थिअरीच्या जनकांपैकी एक. त्यांनीच पुढं रॉबिन्सन यांच्यासोबत ही कल्पना लिगंड क्लोज पॅकिंग या नावानं मांडली. आपल्याच थिअरीला आकड्यांची जोड देत राहणं, हेही शिकण्यासारखं.

आता पाचवा बसवून बघा. ट्रायगोनल बायपिरॅमिडमध्ये अ‍ॅक्शियल आणि इक्वेटोरियल यांच्यात ९० अंशांचा कोन असतो. बाँड १.३७ धरला तर अंतर १.३७ गुणिले वर्गमूळ दोन, म्हणजे १.९४. हवंय २.१२. बसत नाही. बाँड ताणून १.५० केला तर बसेल, पण एवढा ताणलेला बाँड कमकुवत. ट्रायफ्लोराइड आणि फ्लोरिन वायू वेगवेगळे राहिले तर ऊर्जा खूप कमी लागते, मग रेणू एकत्र कशाला राहील?

क्लोरिनचं तर आणखी अवघड. नायट्रोजन ट्रायक्लोराइडमध्ये बाँड सुमारे १.७६ आणि क्लोरिन ते क्लोरिन अंतर सुमारे २.८३. पाच क्लोरिन त्याच लांबीवर बसवले तर अंतर फक्त २.४९. फॉस्फरस पेंटाक्लोराइडमध्ये मात्र तेच अंतर २.९४ येतं. फॉस्फरस मोठा, बाँड लांब, पाचव्याला जागा आहे.

म्हणून माझं आजचं उत्तर असं: पाच बाँडसाठी डी ऑर्बिटलची गरज नाही. गरज आहे इलेक्ट्रॉन सांभाळणाऱ्या टोकांची आणि मधल्या अणूभोवती पुरेशा जागेची. फॉस्फरसकडं दोन्ही जुळतं, नायट्रोजनकडं जागा कमी पडते. या दोन कारणांत कुणाचा वाटा किती यावर अजूनही पेपर निघतात, आणि ते चांगलंच आहे. नाहीतर आपल्याला काम कुठून मिळणार?

पाच म्हणजे नेहमी पाच नसतात

इथं एक सावधगिरी. फॉस्फरस पेंटाक्लोराइडचा आकार विचारला की आपण लगेच ट्रायगोनल बायपिरॅमिड म्हणतो. विचारा, "कुठल्या अवस्थेत?" वायूत तसा आहे. घन अवस्थेत मात्र एका रेणूतला क्लोराइड दुसऱ्याकडं जातो. एकीकडं चार क्लोरिनवाला टेट्राहेड्रल कॅटायन, दुसरीकडं सहा क्लोरिनवाला ऑक्टाहेड्रल अ‍ॅनायन. पाच कुणाकडंच नाहीत!

फॉस्फरस पेंटाब्रोमाइडची तर अजून मजा. घन अवस्थेत त्यातही चार ब्रोमीनवाला कॅटायन असतो, पण दुसऱ्या बाजूला नुसता ब्रोमाइड आयन. का बरं? सहा क्लोरिन फॉस्फरसभोवती कसेबसे मावतात, सहा ब्रोमीन मावत नाहीत. वरचंच जागेचं गणित, फक्त आता अडचण फॉस्फरसला आली.

पेंटाफ्लोराइडनं तर शास्त्रज्ञांना चांगलंच कोड्यात टाकलं. इलेक्ट्रॉन डिफ्रॅक्शननं दोन लांबीचे बाँड दाखवले. फ्लोरिन एनएमआरमध्ये मात्र पाचही फ्लोरिन एकसारखे दिसतात, एकच डब्लेट. चूक कुणाची? कुणाचीच नाही. १९६० मध्ये बेरी यांनी सुचवलं की रेणू सतत आकार पालटतो. एक इक्वेटोरियल फ्लोरिन जागेवर राहतो. दुसऱ्या दोघांमधला कोन १२० वरून १८० कडं उघडतो, आणि अ‍ॅक्शियल दोघांमधला १८० वरून १२० कडं मिटतो. मध्ये क्षणभर स्क्वेअर पिरॅमिड बनतो, आणि शेवटी अ‍ॅक्शियल होते ते इक्वेटोरियल होतात. एनएमआर या हालचालीपेक्षा हळू बघतं, म्हणून त्याला सरासरी दिसते. आणि डब्लेट टिकून आहे, म्हणजे फॉस्फरसशी असलेलं नातं तुटलेलं नाही. फ्लोरिन सुटून परत लागत असते तर ते डब्लेट राहिलं नसतं. एका रेषेच्या दोन झाल्या आहेत एवढ्यावरून केवढी माहिती मिळते बघा.

आता बाबांच्या प्रश्नाकडं

पाण्याची एक साधी तुलना बघू. फॉस्फरस ट्रायक्लोराइड पाण्यात टाकलं की पाण्याचा ऑक्सिजन थेट फॉस्फरसवर येतो, क्लोरिन निघून जातो, आणि फॉस्फरस अ‍ॅसिड व हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड मिळतं. नायट्रोजन ट्रायक्लोराइडचं पाण्याशी जमतं ते वेगळ्याच वाटेनं. तिथं हल्ला क्लोरिनवर होतो, म्हणून अमोनिया आणि हायपोक्लोरस अ‍ॅसिड बनतं. फॉस्फरसकडं नवा पाहुणा येतो, तो बसेपर्यंत जुना उठत नाही, थोडा वेळ दोघंही तिथंच. नायट्रोजनकडं तेवढी जागा नाही.

फॉस्फरसचा हाच गुण शेतीच्या औषधांत वापरला गेला. कारखान्यात सुरुवात बहुतेकदा फॉस्फरसच्या क्लोराइडपासून होते. ट्रायक्लोराइड आणि मिथेनॉलपासून ट्रायमिथाइल फॉस्फाइट, आणि त्यापासून मोनोक्रोटोफॉस. तयार औषधात फॉस्फरसला चार शेजारी असतात, आकार टेट्राहेड्रल. त्यातला एक शेजारी सहज सुटणारा असतो.

आपल्या शरीरात अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम असतं. एका मज्जातंतूनं निरोप दिला की तो निरोप पुसायचं काम त्याचं. त्याच्या पोटात सेरीन या अमिनो आम्लाचा एक ऑक्सिजन असतो. औषधाचा रेणू तिथं पोचला की हा ऑक्सिजन फॉस्फरसवर येतो. क्षणभर फॉस्फरसभोवती पाच शेजारी होतात, तोच ट्रायगोनल बायपिरॅमिड. येणारा एका टोकाला, सुटणारा समोरच्या टोकाला, त्याच लांब आणि ढिल्या अ‍ॅक्शियल जागेवर. मग सुटणारा गट निघून जातो आणि फॉस्फरस एन्झाइमला चिकटून राहतो. निरोप पुसणारं कुणी उरत नाही. किडीला हेच होतं. फवारणाऱ्या माणसालाही हेच होतं: लाळ, घाम, डोळ्यांपुढं धूसर, बाहुल्या बारीक, आणि शेवटी श्वास अडकतो.

२०१७ च्या हंगामात आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. तिथं वेगवेगळ्या गटांची औषधं आणि त्यांची मिश्रणं वापरात होती, सगळा दोष एकट्या फॉस्फरसच्या माथी मारता येत नाही. पण ऑरगॅनोफॉस्फरस औषधं त्यात होती.

उपचारातही तीच भूमिती आहे. अ‍ॅट्रोपिन लक्षणं आवरतं. त्याच्या जोडीला दिलं जाणारं पॅम, म्हणजे प्रालिडॉक्सिम, हे त्याच फॉस्फरसवर दुसऱ्या बाजूनं येतं, पुन्हा पाच शेजारी होतात आणि यावेळी सुटतो तो एन्झाइमचा ऑक्सिजन. एन्झाइम मोकळं होतं. मात्र उशीर झाला तर चिकटलेल्या फॉस्फरसवरचा एक अल्काइल गट गळून पडतो, तिथं ऋण प्रभार येतो आणि मग पॅम जवळ येऊ शकत नाही. याला एजिंग म्हणतात. मोनोक्रोटोफॉससारख्या डायमिथाइल औषधांत अर्धं एन्झाइम असं निकामी व्हायला सुमारे ३.७ तास लागतात, डायइथाइल औषधांत सुमारे ३३ तास. गावापासून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंतचा वेळ या आकड्यांशी ताडून बघा.

म्हणून फवारताना कुणाला मळमळलं, डोळ्यांपुढं धूसर झालं, तर "थोडं पडून राहतो" म्हणू देऊ नका. कपडे काढा, साबणानं अंग धुवा, आणि औषधाचा डबा किंवा त्याचं लेबल सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. डॉक्टरला गट कळला की पुढचं लवकर होतं. बाबांना मी हे असंच सांगितलं. पंपासोबत आता हातमोजे आणि मास्क असतो. पूर्ण समाधान नाही, पण सुरुवात आहे.

इंटरव्ह्यूत काय सांगाल?

तोच प्रश्न तुम्हाला आला, तर चार वाक्यं पुरेत. नायट्रोजन चारपर्यंत जातो, टेट्राफ्लोरोअमोनियम त्याचा पुरावा. पाचव्यासाठी जागा कमी पडते, हे टोकाच्या अणूंमधल्या अंतरांवरून दिसतं. फॉस्फरसचे वर-खालचे बाँड लांब मोजले गेलेत, त्याचं स्पष्टीकरण थ्री-सेंटर फोर-इलेक्ट्रॉन बाँड देतो. डी ऑर्बिटलचं उत्तर मला माहीत आहे, पण पाच हायड्रोजनच्या बाबतीत ते अडतं.

समोरच्यांनी "एसपी-थ्री-डी म्हणा" असा आग्रह धरला तर वाद घालू नका. एसपी-थ्री-डी हे आकाराचं लेबल म्हणून चालतं, कारण म्हणून चालत नाही, एवढं नम्रपणे सांगा. लेखी परीक्षेत जे विचारलंय तेच लिहा, मार्क घालवू नका. संशोधनाला आल्यावर मात्र प्रत्येक "का"च्या मागं "कशावरून" हा प्रश्न ठेवा.

आजचा गृहपाठ: फॉस्फरस ट्रायफ्लोराइडचा बाँड सुमारे १.५७ अँगस्ट्रॉम आणि कोन ९७.८ अंश. त्यातलं फ्लोरिन ते फ्लोरिन अंतर काढा, मग पेंटाफ्लोराइडमधलं अ‍ॅक्शियल ते इक्वेटोरियल अंतर काढा. दोन्हींची तुलना करा आणि स्वतःला विचारा, इथं दाटी आहे की मोकळीक? उत्तर वहीत लिहून ठेवा. इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री ते पान उघडा.

भेटू पुढच्या लेखात.